सोमवारची शिकागो गाडी

या सोमवारी सकाळी फोनवर रेल्वेचा मेसेज आला. रुळांवर झाडांची पानं पडल्यामुळे शिकागोला जाणाऱ्या गाडीला उशीर होईल, आपल्या सहनशीलतेबद्दल आम्ही आभारी आहोत. मेसेज वाचून मी खिडकीबाहेर बघितलं. समोरचा मेपल लालभडक होऊन उभा होता आणि त्याच्याखाली शेजाऱ्यांनी बोलावलेला माणूस पाठीला यंत्र बांधून त्यांची पानं आमच्या हद्दीत ढकलत होता. ऑक्टोबर आला म्हणायचा. ॲन आर्बरचा ऑक्टोबर बघायला लोक लांबून येतात. नदीकाठी उभे राहून फोटो काढतात, सफरचंदाचा गरम रस पितात, दालचिनी भुरभुरलेले डोनट खातात आणि एकमेकांना सांगतात की यंदा रंग जरा उशिराच आले. एके काळी मीही हे सगळं करायचो. आता पिवळं पान दिसलं की मला त्याच्यामागे एक थांबलेली रेल्वेगाडी दिसते.

ज्या देशाने अख्खा खंड रुळांनी शिवून काढला, त्या देशाची गाडी पानावरून घसरते. याला शास्त्रीय कारण आहे हे मला माहीत आहे, मी इंजिनीअर आहे. पानांचा चिखल होतो, रूळ बुळबुळीत होतात, चाकांची पकड सुटते. पण कारण बरोबर आहे म्हणून राग कमी होत नाही. उलट वाढतो. चुकीच्या कारणाशी निदान भांडता तरी येतं.

मेसेज मी मेधाला दाखवला. मेधा म्हणजे माझी बायको. गाडीने जायचं होतं तिला. तिने "बरं" म्हटलं आणि आणखी अर्धा कप चहा ओतून घेतला. तिचं ते "बरं" ऐकून मला काही वर्षांपूर्वीचा तो ऑक्टोबर आठवला, ज्यात दर सोमवारी सकाळी आमच्या घरात चहा उभ्यानेच प्यायला जायचा.

मेधा नागपूरची. जिवाणूंच्या शास्त्रात एम. एस्सी., वर्गात पहिली. लग्न करून माझ्याबरोबर मिशिगनला आली ती डिपेंडंट व्हिसावर. त्या व्हिसाचा अर्थ साधारण असा, की या बाईने इथे राहावं, बर्फ काढावा, नवऱ्याला डबा द्यावा, शाळेच्या खाऊविक्रीत समोसे विकावेत, फक्त पगार घेऊ नये. मग ग्रीन कार्डाची रांग. मग मुलं. मग मुलांचं पोहणं, व्हायोलिन, बुद्धिबळ आणि त्या सगळ्यांना नेणं-आणणं. मुलं कॉलेजात गेली तेव्हा तिने इथल्या कॉलेजात लॅबचा कोर्स केला, आपल्या मुलांच्या वयाच्या पोरांबरोबर परीक्षा दिल्या आणि शिकागोच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळवली. सोमवार ते गुरुवार. पहिले तीन महिने चाचणीचे. सोमवारी कामावर दुपारी दोनला हजर.

शिकागोच का, असं लोक विचारायचे. ॲन आर्बरमध्ये काय हॉस्पिटलं कमी आहेत? नाहीत. पण ॲन आर्बरने बोलावलं नाही, शिकागोने बोलावलं. बायोडेटामध्ये बावीस वर्षांची पोकळी असली की निवडानिवड आपल्याकडे उरत नाही.

सर्वांत जास्त प्रश्न मिलिंदचे. मिलिंद नोव्हायला राहतो, माझ्यासारखाच मोटारींच्या धंद्यात आहे आणि आमच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. अध्यक्ष होण्यापूर्वी तो चांगला माणूस होता. आता त्याच्या मोटारीच्या डिकीत कायम दोन शाली आणि एक नारळ असतो, कुणाचा कुठे सत्कार करावा लागेल सांगता येत नाही म्हणून. त्याच्या घरी एकदा जेवायला गेलो असताना त्याने वाटीत श्रीखंड वाढता वाढता मेधाचा प्रश्न सोडवायला घेतला.

"वहिनी, ड्राइव्ह का नाही करत? स्ट्रेट हायवे आहे यार. चार तास. ऑडिओबुक लावायचं, संपलं."

"मी हायवेवर चालवत नाही," मेधा म्हणाली.

हे खरं होतं. एका जानेवारीत हायवेवरच्या बर्फावर आमची कार गरगर फिरली आणि उलट्या दिशेला तोंड करून थांबली. कुणाला काही झालं नाही. पण त्यानंतर मेधा किराणा, लायब्ररी आणि स्टेशन एवढीच गाडी चालवते.

"मग फ्लाइट?"

"दर आठवड्याला?" मी म्हणालो.

"मग रविवारी संध्याकाळच्या ट्रेनने जा."

"ती मध्यरात्री पोचते, आणि शुभामावशी दहाला दार लावतात." शुभामावशी म्हणजे मेधा शिकागोत जिच्याकडे खोली घेऊन राहायची ती बाई. सत्तरीची, कोल्हापूरची, एकटी. दहानंतर त्या दार उघडत नसत. दाराबाहेर कोण आहे याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

मिलिंदने जरा विचार केला. "मग रिमोट मागा. आजकाल सगळं रिमोट होतं."

"मिलिंद," मेधा म्हणाली, "जिवाणू घरी पाठवत नाहीत हो."

एवंच, गाडी. या देशात रेल्वेने जाणारा माणूस म्हणजे ज्याचं काहीतरी चुकलंय असा माणूस, हे मला त्या मोसमात कळलं. फलाटावर आमच्याबरोबर असायचे ते असे: विद्यार्थी, कारण त्यांच्याकडे मोटार नाही. म्हातारी माणसं, कारण मुलांनी किल्ल्या काढून घेतल्या. दोन-चार गृहस्थ ज्यांचं लायसन्स न्यायाधीशांनी काढून घेतलं होतं आणि जे ते लपवत नसत. काळ्या टोप्या आणि लांब झगे घातलेली आमिश कुटुंबं, ज्यांचा धर्मच मोटार चालवू नको म्हणतो. आणि मेधा.

आमच्या स्टेशनाची एक गंमत आहे. रुळांलगतच एक जुनं दगडी स्टेशन आहे, कमानींचं, उंच खिडक्यांचं, बघून माणसाला वाटावं की इथून कुठेतरी जाणं ही मोठी गोष्ट असली पाहिजे. त्यात आता महागडं रेस्टॉरंट आहे. काचेआड लोक मासे खात खात रूळ बघतात. प्रवाशांसाठी शेजारी एक बसकी इमारत आहे, दवाखान्यात असतात तशा खुर्च्यांची. म्हणजे ज्यांना कुठेही जायचं नाही त्यांना स्टेशन मिळालं आणि ज्यांना जायचंय त्यांना दवाखाना.

वेळापत्रकाबद्दल काय सांगावं. पुढे इंडियानात रूळ मालगाड्यांच्या कंपन्यांचे आहेत. मालगाडी आली की माणसांनी बाजूला व्हायचं, असा रिवाज आहे. माणसं पाहुणी, कोळसा घरचा. म्हणून आमची गाडी रोज कुठल्या तरी शेतात उभी राहायची. शिकागोचं घड्याळ आमच्यापेक्षा एक तास मागे असतं, आणि ही गाडी जी काही अब्रू राखून होती ती त्या फुकटच्या एका तासावर. तो तासही ती बहुतेक वेळा खाऊन टाकायची.

त्या तीन महिन्यांत मी ऑफिसात बसून फोनवर एक नकाशा बघायचो. त्यावर गाडीचा बाण असतो. बाण हिरवा असला तर वेळेवर, लाल असला तर नाही. हिरवा बाण मी दोनदा बघितला, त्यातला एक नंतर चुकीचा निघाला. रेल्वेला मी पत्रं लिहिली. त्यांची उत्तरं आली, अतिशय सभ्य. त्यांना खेद होता. झालेल्या त्रासाची भरपाई म्हणून ते मला पुढच्या प्रवासावर सवलत देत होते. विषबाधा झालेल्या गिऱ्हाइकाला हॉटेलवाल्याने आणखी एक थाळी द्यावी, तसं.

मेधा पहिल्यांदा उशिरा पोचली तेव्हा तिची वरिष्ठ डोना म्हणाली, होतं असं. ज्या काचेच्या बशांमध्ये जिवाणू वाढवतात त्या ठरलेल्या वेळी बघाव्या लागतात, उशीर झाला की निकाल बिघडतो आणि तिकडे कुणीतरी पेशंट औषधाची वाट बघत असतो. त्या दिवशी डोनाने स्वतःचं काम सोडून मेधाच्या बशा बघितल्या. दुसऱ्यांदा उशीर झाला तेव्हा डोना म्हणाली, "मेधा, आपण एकदा बोलायला हवं." अमेरिकेत हे वाक्य ऐकलं की माणूस मनातल्या मनात टेबलावरच्या वस्तू खोक्यात भरायला लागतो. डोना वाईट नव्हती. तिने सरळ सांगितलं, की काम उत्तम आहे, पण चाचणी संपेपर्यंत पुन्हा सोमवारी उशीर झाला तर वर सांगताना मला अडचण येईल.

हे सगळं मेधा मला गुरुवारी संध्याकाळी सांगायची, स्टेशनवरून घरी येताना, आणि वर सांगायची की आज गाडीत एका आमिश बाईने घरचा ब्रेड दिला, फार छान होता. मला या शांतपणाचा भयंकर त्रास व्हायचा. एकदा मी कारमध्येच ओरडलो. म्हटलं, तीन तास लेट! तीन तास! तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे, तुला काही वाटतं की नाही?

तिने खिडकीची काच जरा खाली केली. बाहेर कुणीतरी पानं जाळत होतं, त्याचा वास आत आला.

"तीन तासांचं काय घेऊन बसलास," ती म्हणाली. "मी बावीस वर्षं लेट आहे."

मी डावीकडे वळायचा सिग्नल दिला आणि उजवीकडे वळलो.

दिवाळी त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीला आली. त्यानंतरचा सोमवार मला तासातासाने आठवतो. मेधाने डोनासाठी आणि लॅबमधल्या सगळ्यांसाठी फराळ घेतला होता. चकल्या, शंकरपाळे, चिवडा. चकल्या मोडू नयेत म्हणून त्या स्टीलच्या डब्यात, डबा टॉवेलात आणि टॉवेल बॅगेत. बॅग अशी जड झाली की एरवी मी फलाटावरूनच हात करायचो, तो त्या दिवशी बॅग घेऊन डब्यात चढलो.

आता बॅग वर ठेवून खाली उतरायचं, हे सरळ आहे. पण आपल्याकडे पोचवायला जाणं म्हणजे बॅग ठेवणं नव्हे. मी बॅग ठेवली. ती पडणार नाही ना हे हलवून बघितलं. मग समोरच्या सीटवर टेकलो. पाण्याची बाटली घेतलीस का विचारलं. घेतली होती. औषधं? घेतली होती. मावशींना चिवडा वेगळा काढलास का? काढला होता. मग पोचलीस की फोन कर, असं सांगितलं, जणू मी सांगितलं नसतं तर ती पोचून गप्प बसणार होती. लहानपणापासून मी हेच बघितलंय. पाहुण्याला बसवायला गेलेला माणूस पाहुण्याशेजारी बसतो, शिट्टी होते, इंजीन जरा हिसका देतं, आणि मग "चला, येतो" म्हणत सगळे आरामात उतरतात. शिट्टीचा भरवसा असतो.

इथे शिट्टी होत नाही. खाली कंडक्टर बाईंनी पिवळं स्टूल उचललं, दार बंद झालं, आणि मी मेधाला गॅसचं बटण बंद केलंस ना असं विचारत असताना खिडकीतून आमची कार मागे जायला लागली. त्या अख्ख्या मोसमात गाडी ठरल्या मिनिटाला सुटली ती त्या एका दिवशी.

मेधाला इतकं हसू आलं की तिला बोलता येईना. कंडक्टर बाई आल्या. त्या उंच होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर आयुष्यभर तिकिटं तपासलेल्या माणसाचा संशय होता.

"तिकीट?"

"मी प्रवासी नाही," मी म्हणालो. "मी हिला बसवायला आलो होतो."

त्यांनी मेधाकडे बघितलं. "ती तर बसलीय."

"हो."

"आणि तुम्हीपण."

पुढच्या स्टेशनचं तिकीट काढून मी ऑफिसात कळवलं की आज उशीर होईल. कारण लिहिलं नाही. मग दोघंही बाहेर बघायला लागलो. इतक्या महिन्यांत मी त्या गाडीबद्दल जितका बोललो होतो तितका देशाच्या पंतप्रधानाबद्दल बोललो नसेन, पण तिच्यात बसलो होतो त्या दिवशी पहिल्यांदा. खिडक्या मोठ्या होत्या. नदी अगदी रुळांजवळून जात होती, पाण्यावर धुकं होतं आणि त्यात एक बगळा पाय वर करून उभा होता. लोकांच्या घरांच्या मागच्या बाजू दिसत होत्या. अमेरिकेत समोरची बाजू सगळ्यांची सारखी असते. मागे मात्र गंजलेल्या झोपाळ्यांचं, उलट्या ठेवलेल्या होड्यांचं, वाळत घातलेल्या एखाद्या गोधडीचं खरं राज्य असतं. मेधाने पुस्तक उघडलं होतं, पण ती वाचत नव्हती. तिचा चेहरा मी घरी बघतो तसा नव्हता. कुणीतरी हाक मारील म्हणून एक कान तयार ठेवलेला असतो ना, तो नव्हता.

मग गाडी थांबली. शेजारच्या रुळावरून मालगाडी यायची होती. ती आली, आणि येतच राहिली. तीन मजली, जाळीचे डबे, आणि जाळीतून दिसणाऱ्या नव्याकोऱ्या मोटारी. मी ओळखल्या. आमच्याच कंपनीच्या. त्यातल्या निम्म्या मोटारींच्या चाकांवरच्या स्प्रिंगा माझ्या टीमने डिझाइन केलेल्या होत्या.

"बघ," मेधा म्हणाली, "तुझ्या चालल्या."

स्वतःच्या पोटापाण्याचा धंदा आपल्या बायकोला अडवून समोरून मिरवत जाताना बघणं हा अनुभव सगळ्यांना मिळत नाही.

ती गेली, आम्ही निघालो, आणि मी उतरणार होतो त्या स्टेशनात शिरलो तर फलाटावर फुग्यांची कमान. लाल फीत. शाळेचा बँड. व्यासपीठ, त्यामागे सुटातली माणसं. कंडक्टर बाईंनी लाउडस्पीकरवरून सांगितलं, की या भागातले रूळ नवीन झाले असून आजपासून गाडी इथे जास्त वेगाने धावणार आहे, त्यानिमित्त एक छोटासा समारंभ आहे, तो होईपर्यंत गाडी थांबेल. म्हणजे गाडी किती जोरात धावणार हे सांगण्यासाठी ती थांबवली होती. बाईंनी हे कुठलाही भाव न दाखवता वाचलं. त्यांच्याबद्दल मला एकदम आदर वाटला.

आणि कमानीपलीकडे, भगवे फेटे. ढोल. ताशे. झांजा. आमच्या मंडळाचं ढोल-पथक, मधोमध मिलिंद.

मी उतरलो तसा त्याने मला बघितलं. "अरे! तू? आणि वहिनी पण! यार, सरप्राइज! आम्हाला बघायला आलात?" उत्तराची वाट न बघता त्याने मला फेटा बांधायला घेतला. "सिटीवाल्यांनी स्वतः इन्व्हाइट केलं. म्हणाले कल्चरल आयटम हवा. सकाळी साडेचारला निघालो नोव्हायहून, दोन व्हॅन करून. हलू नकोस, तुरा वाकडा होईल."

व्यासपीठावर एक गृहस्थ बोलायला उभे राहिले होते. ते म्हणाले की वेळ ही माणसाची सर्वांत मोठी संपत्ती आहे. हे त्यांनी फार वेळ सांगितलं. मग दुसरे आले. ते पहिल्यांचे आभार मानत होते. तिसऱ्यांनी आपल्या आजोबांची गोष्ट काढली, जे याच स्टेशनावरून युद्धावर गेले होते. गाडीच्या खिडक्यांत चेहरे चिकटले होते. एक आमिश म्हातारा दाढी कुरवाळत व्यासपीठाकडे बघत होता, आपल्याला मोटारी आणि भाषणं दोन्ही वर्ज्य केल्याबद्दल पूर्वजांचे आभार मानत असावा.

मेधा गाडीतून उतरली. तिने घड्याळ बघितलं. गाडी आत्ता निघाली तर दोनला पोचायची आशा होती, अगदी बारीक. ती मिलिंदपाशी आली.

"मिलिंद, तुमचा नंबर कितवा?"

"लास्ट, वहिनी. ग्रँड फिनाले. अजून चार स्पीचेस, मग रिबन, मग आपण, मग गाडी सुटणार."

"तुम्ही वाजवलंत की गाडी सुटणार?"

"हो ना!"

"मग आत्ता वाजवा."

मिलिंद हसला. मग तो थांबला, कारण ती हसत नव्हती. "वहिनी, तो माणूस स्पीच देतोय. स्टेट सिनेटर की कोण आहे तो."

"मागच्या महिन्यात आमच्याकडे गणपतीची आरती अर्धी झाली असताना तुम्ही सुरू झालात, तेव्हा कुणाला विचारलं होतंत?"

"ते वेगळं, वहिनी. ते घरचं होतं."

"मला दोनला लॅबमध्ये पोचायचंय," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "आज नाही पोचले तर माझी नोकरी जाईल. तुमच्या हातात टिपरू आहे. वाजवा."

मिलिंदने माझ्याकडे बघितलं. मी तुरा सरळ आहे का ते चाचपत होतो. मग त्याने मागे वळून आपल्या पोरांकडे बघितलं, सगळी तिशी-चाळिशीतली सॉफ्टवेअरवाली पोरं, पहाटेपासून थंडीत कुडकुडत उभी, हात शिवशिवत असलेली. त्याने हात वर केला.

ढोल-ताशाबद्दल माझं मत सांगतो. तो गोंगाट आहे. मंडळाच्या सभेत मी तसं लेखी दिलेलं आहे. पुण्यातल्या गल्लीत कानाचे पडदे फाटावेत म्हणून तयार झालेली वस्तू इथे चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये वाजवू नये, अशी माझी भूमिका होती आणि आहे. पण त्या सकाळी, सपाट मिशिगनमधल्या त्या फलाटावर, पहिला ठोका पडला तेव्हा व्यासपीठावरच्या पाण्याचे ग्लास थरथरले. सिनेटरसाहेबांचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. मग त्यांनी ध्वनिक्षेपकावर टिचकी मारली, बंद पडला की काय म्हणून. शाळेच्या बँडमधली मुलं आपापली वाद्यं खाली ठेवून पुढे धावली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. सूटवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं, हातातला कार्यक्रमाचा कागद उलटसुलट केला, आणि आपलंच काहीतरी चुकलं असावं असं समजून कात्री शोधायला लागले. फीत कापली गेली. आजोबांचे नातू हसून फोटोला उभे राहिले. कंडक्टर बाईंनी ओठ मुडपून पिवळं स्टूल उचललं.

मेधा पायरीवर होती. मी म्हटलं, "पोचलीस की फोन कर." ढोलांत ते तिला ऐकू गेलं नसणार. पण तिने मान हलवली, म्हणजे मी काय म्हणत असेन ते तिला माहीत होतं.

मी मिलिंदच्या व्हॅनमधून परत आलो. मागच्या सीटवर, दोन ढोलांच्या मध्ये, डोक्यावर फेटा. मिलिंद स्वतःवर बेहद्द खूश होता. "एक तास वाचवला यार आपण! वहिनी एकदम फायर आहेत. त्यांचा सत्कार केला पाहिजे." मी त्याला डिकीतल्या नारळाची शपथ घालून गप्प बसवलं. फोनवरचा बाण हिरवा झाला होता. नव्या रुळांवरून गाडी खरोखरच जोरात धावत होती, बाण सरकताना दिसत होता. मी तो बघत राहिलो. मग इंडियानाची हद्द आली आणि बाण थांबला. थांबला तो थांबलाच. मालगाडी.

ती सव्वातीनला पोचली.

गुरुवारी संध्याकाळी तिला आणायला गेलो तेव्हा मी डोनाला काय लिहायचं ते मनात तयार केलं होतं. रेल्वेची खेदपत्रं जोडणार होतो, सगळीच्या सगळी. मेधा कारमध्ये बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, "चकल्या सगळ्यांना आवडल्या."

"आणि नोकरी?"

"मी डोनाला म्हटलं, सोमवार आपल्याला झेपत नाही. मंगळवार ते शुक्रवार करू. मी सोमवारी गाडीने येईन, ती कधीही पोचू दे, आणि मंगळवारी सकाळी सातला हजर राहीन. ती म्हणाली, हे तू आधी का नाही बोललीस."

मी हिशेब करत होतो. आधी ती गुरुवारी रात्री घरी असायची. आता शुक्रवारी. म्हणजे आठवड्यातली आणखी एक रात्र गेली. उरले शनिवार आणि रविवार, त्यात कपडे, किराणा आणि मंडळ.

"मला विचारलं नाहीस," मी म्हटलं. तक्रार म्हणून नव्हे. म्हणजे थोडी तक्रार म्हणूनच.

"नाही विचारलं. तुला आता सांगतेय. मला ही नोकरी हवीय."

आमच्या लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षं होत आली होती. त्यात मेधाने हजारदा "मला चालेल" म्हटलं होतं. घर कुठलं घ्यायचं, मला चालेल. भारतात या वर्षी जायचं की पुढच्या, मला चालेल. "मला हवीय" हे तिच्या तोंडून मी बहुधा भाजीवाल्याशी बोलतानाच ऐकलं होतं. मी किल्ली फिरवली. मला जाणवलं की मला आता रेल्वेवर रागवायचंसुद्धा कारण उरलेलं नाही, आणि याचाही मला राग आला.

चाचणी संपली, नोकरी पक्की झाली. त्याला आता काही वर्षं झाली. तिने सोमवारची घाई सोडली तेव्हापासून ती गाडी बहुतेक वेळा वेळेवर जाते, पानांचे दोन-चार आठवडे सोडले तर. याचं शास्त्रीय कारण मात्र मला माहीत नाही. निव्वळ आकस आहे, असं माझं मत आहे.

शुक्रवारची परतीची गाडी मात्र आपला बाणा राखून आहे. आणि मी अजून वेळापत्रकात दिलेल्या वेळेलाच स्टेशनवर जातो. एवढा अविश्वास असताना एवढं वेळेवर का जावं, हे मला सांगता येणार नाही. या शुक्रवारीही गेलो. काचेआड लोक मासे खात होते. वारा सुटला होता. आकाशाचा जांभळा रंग जाऊन राखाडी आला, मग दिवे लागले, तरी गाडीचा पत्ता नाही. कारमध्ये बसून पाय आखडले तेव्हा मी फोन केला.

"कुठे आहेस?"

"कुठेतरी. शेत आहे. मका कापून झालाय. आत्ता एक हरीण येऊन गेलं, पिल्लू होतं बरोबर."

"किती वेळ झाला थांबून?"

"बघितलं नाही रे."

"कंटाळली असशील."

"नाही," ती म्हणाली, लगेच. मग बहुधा तिने घड्याळ बघितलं असावं. "तू कधीपासून आहेस तिथे?"

"आत्ताच आलो," मी म्हटलं.